बिनपैशाची शारजा

आमच्या घरात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. ऑक्टोबर 2015 ते मे 2017 या काळातला शारजातला आमचा सगळा खर्च तीत लिहिलेला आहे. दूध, खुबूस, कांदे, मुलाचे खोकल्याचे औषध, लातूरला फोन करण्यासाठी घेतलेले कार्ड. परवा कपाट आवरताना ती हाती लागली. पाने उलटता उलटता लक्षात आले की, त्या दीड-पावणेदोन वर्षांतल्या ज्या गोष्टी मला अजून आठवतात, मुले अजून ज्यांची नावे काढतात, त्यांतली जवळजवळ एकही या वहीत नाही. कारण त्यांना पैसे पडले नव्हते.

माझे माहेर नांदेडचे, इतवाऱ्यातले. सासर लातूरला. हे आधी तीन वर्षे शारजात एकटेच होते, एसी दुरुस्तीच्या कामावर. इकडे औशाजवळच्या शेतात सासऱ्यांनी दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. त्याच वर्षी नणंदेचे लग्न झाले. दोन्हींचे कर्ज डोक्यावर होते. यांचा पगार वाढून 4500 दिरहम झाला, तेव्हा कुटुंबाला बोलावण्याचा विचार सुरू झाला, कारण त्या वेळी कुटुंबाच्या व्हिसासाठी किमान 4000 दिरहम पगार दाखवावा लागे. मुलगी साडेचार वर्षांची होती, मुलगा दोनचा. शाळेची फी मागे लागायच्या आत जाऊन यावे, असे सासूबाईंनीच सुचवले. म्हणाल्या, "जाके आ बेटा. बच्चे बाप कू भूल जा रे."

एका दिरहमला तेव्हा साधारण अठरा रुपये पडत. 4500 दिरहम म्हणजे 81 हजार रुपये! लातुरात हा आकडा ऐकून नातेवाईक आम्हाला लग्नात पुढच्या रांगेत बसवू लागले. शारजात मात्र तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन कुटुंबे होती आणि त्यातली एक खोली आमची. तिचे भाडे 1700. कर्जासाठी घरी 1500. उरलेल्या 1300 दिरहममध्ये चौघांचे खाणेपिणे, गॅस, फोन, दवाखाना. खोलीला एक खिडकी होती. ती उघडली की समोरच्या इमारतीचे एसी गरम हवा तोंडावर फेकायचे.

पहिल्याच आठवड्यात हे आम्हाला मॉल दाखवायला घेऊन गेले. तिथे नाणे टाकले की हलणारा घोडा होता. मुलगी त्यावर बसली आणि उतरेना. मग मुलाला बसायचे होते. मग आइस्क्रीम. परतीची टॅक्सी, कारण तोवर मुलगा झोपला होता. रात्री वहीत 38 दिरहम लिहिले आणि खाली लाल रेघ ओढली. ती रेघ अजून आहे. 38 दिरहम म्हणजे आमचा तीन दिवसांचा भाजीपाला. त्या रात्री आमचे चांगलेच वाजले. मी म्हणाले, कशाला नेले? हे म्हणाले, तीन वर्षांनी लेकरांना बाहेर नेले तर तेही चुकले का? दोघांचेही खरे होते.

त्यानंतर मी बाहेर जाणेच बंद केले. बाहेर पाऊल टाकले की पैसे लागतात, असे मनाने घेतले. दोन महिने मी त्या खोलीत काढले. मुले चिडचिडी झाली. मुलगी खिडकीशी बसून लातूरच्या मांजरीची आठवण काढायची. हे थकून यायचे आणि मी दिवसभराची कुरकूर त्यांच्यापुढे ओतायचे. मी परत जाते, असे दोनदा बोलून गेले. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा हे काहीच बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याची मला भीती वाटली.

बाजूच्या खोलीत चिपळूणकडच्या एक भाभी राहत. बारा वर्षे शारजात होत्या. एक दिवस असरनंतर त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, एक चादर आणि डब्यात शिरा. म्हणाल्या, "चल. पाकीट घरी ठेव."

"घरी?"

"घरी. नेलंस तर खर्च होईल."

रोल्लापासून आम्ही चालत खालिद लगूनवर गेलो. समुद्राचे पाणी तिथे शहराच्या आत शिरलेले आहे आणि त्याच्या कडेने लांबच लांब फरसबंदी रस्ता, हिरवळ, बाके. कुणी तिकीट विचारले नाही. भाभींनी हिरवळीवर चादर अंथरली. मुले धावू लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना पळताना पाहिले. सूर्य खाली गेला, पाण्यावर दिवे उतरले. भाभींनी शिऱ्याचा डबा उघडला. मी मात्र एकटक पाण्याकडे बघत बसले होते, कारण मनात एक वेगळीच गोष्ट आली होती.

मी गोदावरीच्या काठच्या गावात वाढले. आमच्या घरापासून नदी अर्ध्या तासाच्या अंतरावर. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांच्या सोहळ्यासाठी नांदेडचे घाट नव्याने बांधले, दिवे लागले. पण नदीकाठी नुसते बसायला म्हणून मी आयुष्यात कधी गेले नव्हते. बाईमाणसाने काम नसताना घाटावर बसायचे? लोक काय म्हणतील? कुणाची वाट बघत असेल? नदी तेव्हाही फुकटच होती. बसायची मुभा मात्र नव्हती, किंवा मीच ती कधी घेतली नव्हती. शारजात मला ओळखणारे कुणी नव्हते आणि आजूबाजूला शंभर बायका अशाच चादरी टाकून बसल्या होत्या. म्हणून मीही बसले.

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. लगूनच्या काठावरच अल नूर मशीद आहे. 2005 मध्ये बांधून झालेली, तुर्की उस्मानी धाटणीची, घुमटावर घुमट चढत गेलेली. परधर्मीय पाहुण्यांनाही ठरावीक वेळी आत नेऊन माहिती सांगतात. भाभी उठल्या आणि सरळ मशिदीच्या दिशेने चालू लागल्या. मी जागीच उभी. लातूर-नांदेडला बहुतेक मशिदींत बायकांसाठी जागा नसते. मी तिशीला आले होते आणि तोवर मशिदीत कधी नमाज पढले नव्हते. बायकांच्या दाराने आत गेलो. वुजूची स्वच्छ जागा, मऊ गालिचा, थंड हवा. शेजारी एक सुदानी बाई, पलीकडे एक केरळची मुलगी. सज्द्यात गेले तेव्हा रडू आले. मुलगा मागे गालिच्यावर लोळत होता, त्याला कुणी रागावले नाही.

रात्री यांनी विचारले, "किती खर्च झाला?" मी वही पुढे केली. त्या दिवसाची ओळ कोरी होती.

त्या दिवसापासून आम्ही बिनपैशाची शारजा शोधू लागलो. फेब्रुवारीत तिथे प्रकाशाचा उत्सव असतो. मशिदींच्या, सरकारी इमारतींच्या भिंतींवर रंगीत दिव्यांची नक्षी हलते. रस्त्यावर उभे राहून कितीही वेळ बघा. नोव्हेंबरमध्ये एक्स्पो सेंटरला पुस्तकांचा मोठा मेळा भरतो, त्यालाही तिकीट नाही. तिथे मल्याळम पुस्तकांभोवती अशी झुंबड असे की मला हेवा वाटला. मराठी पुस्तक मात्र मला दिसले नाही. मुलगी चित्रांची अरबी पुस्तके जमिनीवर बसून उजवीकडून उलटत राही आणि विकणारा हसून बघत राही. दुबईत खाडी ओलांडायला लाकडी होड्या आहेत, त्यांना अब्रा म्हणतात. एका माणसाला एक दिरहम. अगदी फुकट नव्हे, पण वहीतला तो एक आकडा मला कधी खटकला नाही. मे ते सप्टेंबर उन्हाचा असा कहर असतो की दिवसा दाराबाहेर पडणे मुश्कील. तेव्हा इशानंतर निघायचे, दहाला परतायचे.

तिथली आणखी एक गोष्ट लातूरच्या सुनेच्या डोळ्यांत भरली. मशिदींच्या दाराशी, घरांच्या कुंपणाला लागून रस्त्याच्या बाजूने, पाण्याचे कूलर लावलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने नळ सोडावा आणि गार पाणी प्यावे. पुष्कळदा ते कुणा मयत आईच्या, बापाच्या नावाने सदका-ए-जारिया म्हणून बसवलेले असतात. मोहरममध्ये इतवाऱ्यात सरबताची सबील लागायची, ती मला आठवली. पण ती काही दिवसांची. ही बारमाही. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. आई वारल्यावर तिच्यासाठी कोणते दान चांगले, असे त्यांनी विचारले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी सांगितले, म्हणून त्यांनी आईच्या नावाने विहीर खोदली. ती गोष्ट तिथे मी गल्लोगल्ली नळाच्या रूपात पाहिली.

हे अशा कूलरची दुरुस्तीही करत. एकदा मी सहज म्हणाले, "बघा, किती छान, फुकट पाणी."

"फुकट कुठलं?" हे म्हणाले. "फिल्टर बदलायला आम्हाला बोलावतात. कॉम्प्रेसरची वीज घरमालक भरतो. आणि पाणी तर समुद्राचं, खारं. ते गोडं करायला किती जळण लागतं! इथल्या सगळ्या वस्तूंत हे पाणीच महाग आहे."

हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. त्याचा अर्थ एप्रिलमध्ये कळला.

2016 चा तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटले होते. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये 144 कलम लावले होते. पाचपेक्षा जास्त माणसांनी तिथे जमायचे नाही. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, साधारण 340 किलोमीटरवरून. सासूबाई फोनवर सांगायच्या, "रात के दो बजे टँकर आया बेटा. तेरे सुसरे घागर लेके खडे थे." सासरे तेव्हा सत्तरीचे होते.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आम्ही दुबईचे प्रसिद्ध कारंजे बघायला गेलो. बेत आधीच ठरलेला होता. बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी एक मोठे तळे आहे, त्यात 2009 पासून हे कारंजे नाचते. संध्याकाळी दर अर्ध्या तासाने. काठावर उभे राहून बघायला पैसे नाहीत. संगीत सुरू झाले आणि पाणी उसळले. ते दीडशे मीटर, म्हणजे पन्नास मजल्यांएवढे वर जाते. लोक ओरडले, मोबाइल वर झाले. वाऱ्याबरोबर तुषार आमच्या तोंडावर आले. मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "अम्मी, हे पाणी दादीला पाठवू या ना!"

माझे पाय गळाले. मी कठड्याला धरून खाली बसले. पुढचा खेळ बघितला नाही. हे समजावत होते की, ते तळ्यातलेच पाणी आहे, वर जाते, परत तळ्यातच पडते, पिण्याचे नव्हे. मला ते कळत होते. पण तिकडे म्हातारा माणूस मध्यरात्री घागर घेऊन उभा आणि इकडे सून पाण्याचा नाच बघते, हे डोळ्यांपुढून हलेना. पुढचे दोन शुक्रवार मी घरातच राहिले. कुणाचे पैसे गेले नव्हते, तरी आपण काहीतरी चोरले असे वाटत होते. परदेशी राहणाऱ्या पुष्कळ जणींना हे ठाऊक असेल. घरचे अडचणीत असताना आपण हसावे की नाही, हा प्रश्न जेवताना, झोपताना मानेवर बसतो.

सोडवणूक केली ती सासूबाईंनीच. मुलीने फोनवर दादीला कारंज्याबद्दल सांगून टाकले. मी जीभ चावली. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "तू फोटू खींची क्या? मेरे कू बी दिखा." यांनी मोबाइलवर चित्रीकरण केले होते, ते व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. टँकरच्या रांगेत उभ्या असताना त्यांनी ते साऱ्या बायकांना दाखवले होते. रांगेतल्या एक मावशी म्हणे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघून तर घशाला गार वाटलं बाई." सासूबाई सांगताना हसत होत्या. मग म्हणाल्या, "तुम लोगां खुश रहे तो हमकू अच्छा लगता. रोने के वास्ते भेजी क्या तेरे कू?"

त्यानंतर मी पुन्हा बाहेर पडू लागले. नळ मात्र कधी पूर्ण सोडला नाही. ती सवय अजून आहे.

तेव्हा शुक्रवारी रोल्लाच्या मैदानात हजारो कामगार जमत. बांगलादेशी, बिहारी, पाकिस्तानी, आंध्रचे. आठवड्याचा तो एकच सुटीचा दिवस असे. हिरवळीवर बसत, फोनवर घरच्यांशी बोलत, झोपत. एकदा मुलगा रस्त्याकडे पळाला म्हणून मी मराठीत ओरडले. जवळच बसलेला एक तरुण उठला, मुलाला अडवले आणि म्हणाला, "ताई, नांदेडकडच्या का हो?" तो देगलूरकडचा होता, सुतारकाम करणारा. घरी तीन वर्षांची मुलगी होती. तिला त्याने जन्मल्यावर एकदाच पाहिले होते. पगार इतका कमी की कुटुंब आणायचा प्रश्नच नव्हता. म्हणाला, "दर शुक्रवारी इथं येतो. लेकरं खेळतात, ती बघत बसतो. याला काही पैसे लागत नाहीत."

घरी आल्यावर मी यांना ते सांगितले. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही यायच्या आधी मी पण तेच करायचो." तीन वर्षे फोनवर त्यांनी हे कधी सांगितले नव्हते. मॉलमध्ये लेकरांना घोड्यावर बसवणारा माणूस मला त्या दिवशी खरा समजला.

जूनमध्ये रमजान आला. पंधरा तासांचा रोजा आणि बाहेर आग. मशिदींजवळ तंबू लागले, त्यांत इफ्तारचे दस्तरखान. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांना, रस्त्याने चालणाऱ्यांना स्वयंसेवक खजूर, पाणी, बिर्याणीचे डबे देत. एक दिवस आम्हाला घरी पोहोचायला उशीर होत होता. एका पोराने माझ्यापुढे चार डबे धरले. मी हात मागे घेतला. आपण काय मागून खाणारे आहोत? आपल्याकडे फुकट या शब्दालाच वास आहे. 'फुकट ते पौष्टिक' म्हणून आपण हसतो आणि 'फुकट्या' ही तर शिवीच.

भाभी सोबत होत्या. त्यांनी डबे घेतले, पोराला दुआ दिली आणि मला म्हणाल्या, "रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला सवाब आहे ना? मग तू त्याचा सवाब का अडवतेस?"

मला अब्बा आठवले. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे कुणाला जात-धर्म विचारत नाहीत. अब्बा म्हणायचे, लंगरमध्ये जेवणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नाही, कारण तिथे वाढणारा वरच्या पायरीवर उभा नसतो. लहानपणी ऐकलेले हे वाक्य शारजाच्या फुटपाथवर डबा उघडताना कळले. घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा असलाच तर नुसते घेत राहण्यात आहे.

दुसऱ्या शुक्रवारी मी आणि भाभींनी मिळून परात भरून भजी केली आणि गल्लीतल्या मशिदीच्या दस्तरखानवर पोहोचवली. वहीत त्या दिवशी लिहिले आहे : बेसन, तेल, कांदे – 12 दिरहम. या खर्चाखाली लाल रेघ नाही. पुढे रमजानभर दर शुक्रवारी तोच आकडा दिसतो. हे एकदाही 'कशाला' म्हणाले नाहीत.

परतायच्या आधी, जानेवारी 2017 मध्ये, आम्ही अबुधाबीची शेख जायद मशीद पाहिली. प्रवेशाला पैसे नाहीत, चौघांच्या बसभाड्याचे मात्र वहीत दोन आकडे आहेत. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी मशिदीवर 82 घुमट आहेत आणि तिथे चाळीस हजार माणसे नमाज पढू शकतात. आतला गालिचा एकसंध, 5627 चौरस मीटरचा आहे. इराणच्या सुमारे बाराशे विणकरांनी तो हातांनी गाठी मारून विणला. लोक झुंबरांकडे बघत होते. माझी मुलगी खाली वाकून गालिच्यावर तळवा फिरवत होती. मी तिला सांगितले की, हे सगळे बायामाणसांनी हातांनी केले आहे. तिने विचारले, "त्यांना इथं बघायला आणलं का?" मला उत्तर देता आले नाही.

तोवर एक गोष्ट मात्र मनात पक्की झाली होती. जे आपल्याला फुकट मिळते त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते. कूलरची वीज कुणी भरली, गालिच्याच्या गाठी कुणी मारल्या, हिरवळीला उन्हात पाणी कुणी घातले. समुद्र आणि संध्याकाळ तर थेट त्याचीच देणगी, ज्याला बिल पाठवायची गरज नाही. सूरह तकासुरच्या अखेरीस नेमतींबद्दल विचारले जाईल असे बजावले आहे. आधी मला वाटे की, हा प्रश्न श्रीमंतांना आहे. त्यांच्याकडे बंगले, गाड्या. आता वाटते की, माझ्या वहीत ज्या ओळी कोऱ्या राहिल्या, त्यांचाच हिशोब माझ्याकडे आधी मागितला जाईल.

मे 2017 मध्ये कर्ज फिटले. मुलीची शाळा लातूरला सुरू करायची होती. मी आणि मुले परत आलो, हे दोन वर्षांनी आले.

इथे आल्यावर काही सवयी आम्ही सोडल्या नाहीत. महिन्यातून एकदा डबा बांधून कुठेतरी जातो. औशाचा किल्ला लातूरहून जेमतेम वीस किलोमीटर आहे. सासरचे शेत त्याच रस्त्याला, तरी मी तो परत आल्यावर पहिल्यांदा पाहिला. गंजगोलाईत तर आम्ही हजार वेळा सौद्याला गेलो असू. पण 1917 सालची ही गोल बाजारपेठ, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याची, तिच्यापासून सोळा रस्ते कसे फुटतात हे मी मुलांबरोबर एकेक रस्ता मोजत फिरले तेव्हा कळले. आणि माहेरी गेले की अम्मीला घेऊन गोदावरीच्या घाटावर जाते. पहिल्या वेळी अम्मी पदर सारखा करत म्हणाली, "लोगां क्या बोलेंगे?" आता तीच आधी चप्पल घालून तयार असते. नदीला पाणी किती आहे हे बघते आणि तिच्या बालपणीच्या पुराच्या गोष्टी सांगते. साठ वर्षे ती त्याच गावात राहिली आहे.

नव्याने परदेशी जाणाऱ्या माझ्या बहिणींना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या आठवड्यातच घराभोवतीचा भाग पायी फिरून घ्या. बाक कुठे आहे, बायकांना नमाजची सोय कुठे आहे, पिण्याचे पाणी कुठे आहे, हे आधी बघा. मॉल नंतर. शेजारच्या जुन्या बाईशी ओळख करा, मग ती केरळची असो की बंगालची. तिला जे माहीत असते ते कुठल्या पत्रकात नसते. डबा आणि पाणी सोबत ठेवा आणि उठताना आपली जागा आपण साफ करा. फुकट जागेला मालक नसतो असे नाही, आपल्यानंतर येणारी बाई तिची मालकीण असते. आणि घरच्यांपासून आपला आनंद लपवू नका. ते कष्टात असले तरी त्यांना तो हवा असतो.

लातूरच्या आमच्या दाराशी आता दर उन्हाळ्यात एक रांजण असतो. पहिल्या वर्षी मी तो आणला तेव्हा सासूबाई चिडल्या होत्या. "हमकूच पानी पुरता नै, तू रस्तेवालों कू पिलाती?" त्यांचे चुकले नव्हते. आमच्या नळाला आजही रोज पाणी येत नाही. मी म्हणाले, आपल्या आंघोळीच्या पाण्यातून दोन तांबे कमी करू. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरनंतर बाहेर आले तर त्या रांजणावरचे फडके ओले करत होत्या.

रिक्षावाले पितात, शाळेची पोरे पितात, समोरच्या बांधकामावरच्या बायका बाटल्या भरून नेतात. पेला दोनदा चोरीला गेला. आता तिसरा साखळीने बांधला आहे. निळ्या वहीच्या शेवटच्या पानांवर काही जागा शिल्लक होती, तिथे मी लिहिले : रांजण, झाकण, पेले तीन, साखळी एक. रक्कम सासूबाईंनी दिली. वहीत लिहू नको म्हणाल्या, म्हणून तो आकडा लिहिला नाही.